शानफीच्या बेटाची पाळी

माझ्या मुलीच्या लग्नाची तारीख पुढे जाऊ शकत होती, हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, मुलीला तर नाहीच. एका जुम्याच्या दुपारी व्याह्यांचा मला जेद्दाला फोन आला होता. मोठ्या मनाचा माणूस. म्हणाले, "रफीकभाई, तुमच्या सुट्टीचं मे महिन्यात जमत नसलं तर डिसेंबरात करू. आमची काही घाई नाही. मुलगी आमचीच आहे." मी म्हटलं, बघतो. फोन ठेवला आणि तो फोन कधी आलाच नव्हता असं वागायला लागलो. पुढे लग्नात ते मला भेटले, गळाभेट झाली, पण त्यांनीही तो विषय काढला नाही. त्यांना वाटलं असेल, याला सुट्टी मिळाली, विषय संपला. सुट्टी मिळालीच होती. ती कोणाची होती ते त्यांना ठाऊक नव्हतं.

ती शानफीची होती.

शानफी कोमोरोसचा. आफ्रिकेचा किनारा आणि मादागास्कर यांच्यामधल्या समुद्रात तीन छोटी बेटं आहेत, त्यांचं मिळून एक प्रजासत्ताक आहे. तो भेटेपर्यंत मला हा देश नकाशावरही दाखवता आला नसता. तो अंजुआन नावाच्या बेटावरचा. खार्तूमला नर्सिंग शिकला, म्हणून अरबी पक्की. फ्रेंच शाळेतली, हिंदी आमच्याकडून उचललेली. उंच, किंचित वाकलेला, डोक्यावर हाताने भरतकाम केलेली गोल टोपी आणि पांढऱ्या कोटाच्या खिशात कायम चार-दोन लवंगा. पेशंटकडे जाण्याआधी एक दाढेखाली धरायचा. त्याच्या बेटावर लवंगेची झाडं आहेत. सुकवण दारात पसरली की गल्लीचा वास कसा बदलतो ते सांगताना त्याचं नाकसुद्धा बदलायचं.

जेद्दातल्या एका खाजगी इस्पितळाच्या डायलिसिस युनिटमध्ये आम्ही तिघं टेक्निशियन होतो: मी रत्नागिरीकडचा, हैदराबादचे मुनीरभाई आणि शानफी. मुनीरभाई कुटुंब घेऊन राहायचे. मी आणि शानफी शराफिया वस्तीत, एका बिर्याणीच्या हॉटेलावरच्या खोलीत. त्याच्याआधी त्या खोलीत माझ्यासोबत बिहारचे दोघं होते. भली माणसं, पण त्यांची असर, म्हणजे दुपारनंतरची नमाज, आमच्यापेक्षा उशिरा, नमाजेची रीत थोडी वेगळी, आणि मला उगाच पाहुण्यासारखं वाटायचं. शानफी आला त्याच्या दुसऱ्या दिवशी फजरला, पहाटेच्या नमाजेला, तो पुढे उभा राहिला, दुसऱ्या रकातीत वाकून उठल्यावर त्याने हात वर केले आणि कुनूत, उभ्याने मागायची दुआ, म्हणायला सुरुवात केली. मी मागे उभ्या उभ्या हललो. गाव सोडल्यापासून फजरची कुनूत मी कोणाच्या तोंडून ऐकली नव्हती. आम्ही कोकणी मुसलमान शाफई, इमाम शाफईंना मानणारे. त्याची बेटंही सगळी शाफई. नमाज संपवून सलाम फिरवल्यावर मी त्याला ते सांगितलं तर तो म्हणाला, "समंदर एक, इमाम एक. बस, नाव अलग-अलग किनारे लगा।" त्या दिवसापासून खोली माझी झाली. संध्याकाळी तो मासळी नारळाच्या दुधात शिजवायचा. आईचं कालवण आणि त्याचं कालवण यांत फरक एवढाच, की तो कोकम घालत नसे. मी घालायला शिकवलं.

त्याची एक सवय आधी सांगायला हवी. आमच्या गल्लीत अफगाणांची तमीसची भट्टी आहे. तमीस म्हणजे परातीएवढी तंदूर रोटी. सकाळी तिथे रांग नसते, झुंबड असते. ज्याचा हात लांब त्याला भाकरी आधी. शानफी तिथे पोचला की आधी मोठ्याने विचारायचा, "मीन आखिर वाहिद?" शेवटचा कोण? पहिल्यांदा लोक हसले. तो हसला नाही. कोणीतरी थट्टेनेच हात वर केला, तर हा त्याच्या मागे जाऊन उभा राहिला आणि नंतर आलेल्याला सांगितलं, तू माझ्या मागे. महिन्याभरात त्या भट्टीसमोर त्याच्यापुरती रांग लागायला लागली. तो नसला की पुन्हा झुंबड. भट्टीवाला खान त्याला लांबून बघितलं की म्हणायचा, आली हुकूमत.

पेशंटच्या हातावरही त्याची हीच रीत. डायलिसिसच्या पेशंटच्या हातात आठवड्यातून तीनदा जाड सुया घालाव्या लागतात. एकच सोयीची जागा धरून रोज तिथेच टोचलं तर कातडी मऊ पडते, शीर फुगते आणि एक दिवस फाटते. म्हणून जागा बदलत जायच्या असतात. आम्हाला हे माहीत होतं, पण घाईत आम्ही सोयीची जागा धरायचो. पेशंटलाही तिथे कमी दुखतं, तोही तेच मागतो. शानफी ऐकायचा नाही. म्हातारे शेख ओरडायचे, तो त्यांच्या नातवंडांची विचारपूस करत शांतपणे नव्या जागी सुई घालायचा. दौर म्हणजे पाळी. म्हणायचा, "आज इस जगह का दौर है, शेख. कल उसका।" आणि एकदा मला म्हणाला होता, खुर्चीचंही असंच असतं. एकच जागा रोज टोचली की ती आधी बधिर होते. बधिर झाली की लोकांना वाटतं, आता दुखत नाही, बरं आहे.

तो येण्याआधी आमच्या युनिटमध्ये उन्हाळ्याचं भांडण ठरलेलं होतं. एप्रिल ते ऑगस्ट या काळात इस्पितळ आमच्यापैकी एकालाच सोडायचं, त्याला दोन महिन्यांची मोठी सुट्टी. बाकीच्या दोघांना हिवाळ्यात पंधरा-पंधरा दिवस. ती मोठी सुट्टी कोणाला, हे मुदीरच्या, म्हणजे मॅनेजरच्या मर्जीवर. त्यामुळे वर्षभर एकमेकांच्या चहाड्या चालायच्या. मीही केल्या आहेत. शानफीने पहिल्याच वर्षी हे बघितलं आणि एका दुपारी मशीन धुता धुता म्हणाला की आमच्या मुल्कात यावर इलाज आहे. मग त्याने सलाइनच्या तीन बाटल्या ट्रेवर मांडल्या आणि आपल्या देशाचा कारभार आम्हाला समजावला.

तीन बेटं, राष्ट्राध्यक्षाची खुर्ची एक. पूर्वी सारखी बंडं व्हायची; रेडिओ लावला की कळायचं, रात्रीतून साहेब बदलले. मोठ्या बेटावर राजधानी, म्हणून मोठ्या बेटाचा हात लांब. शेवटी त्याचं अंजुआन चिडून देशातून फुटून निघालं. घर मोडायची वेळ आली तेव्हा सगळे बसले आणि ठरलं: खुर्ची पाळीने फिरेल. ज्या बेटाची पाळी, त्याच बेटावर आधी मतदान. तिथले लोक आपल्यातले तिघं निवडतील. मग ते तिघं तिन्ही बेटांपुढे जातील आणि सगळा देश मिळून त्यातला एक ठरवेल. म्हणजे माणूस एका बेटाचा, पण मत सगळ्यांचं. पुढल्या खेपेला दुसरं बेट. बाटल्या सरकवत तो सांगत होता आणि ऐकणाऱ्या शेखांनीही मान डोलावली. मुनीरभाई म्हणाले, "हौ मियाँ, बढ़िया है. तुम्हारे यहाँ तीन टापू, एक कुर्सी. हमारे यहाँ एक कुर्सी और तीन सौ समधी. कुर्सी को पहिए लगाने का खयाल हम को काए को नईं आया।"

मी विचारलं, तुमच्या झेंड्यावर तारे मात्र चार कसे? त्याच्या मोबाइलवर झेंड्याचं चित्र होतं. तो म्हणाला, चौथं बेट फ्रान्सकडे राहिलं. आलं नाही. त्याच्या नावाचा तारा मात्र काढला नाही. आमच्या चहाच्या कोपऱ्यातही त्याने चार पेले ठेवले होते. तिघांचे तीन, चौथा पालथा. कोणी हात लावला तर म्हणायचा, राहू दे, कधी येईल कोणाला माहीत.

अंजुआनची पाळी आली होती तेव्हा हा तिथल्या इस्पितळात नर्स होता आणि मतदानाच्या दिवशी शाळेत बसला होता. मोजणीची हकिकत तो रंगवून सांगायचा. फळ्यावर नावं, प्रत्येक मताला खडूची एक रेघ. चिठ्ठी उघडायची, मोठ्याने वाचायची, उंच धरून दाखवायची, आणि खिडकीबाहेर उभं सगळं गाव ते नाव पुन्हा म्हणायचं. अंधार पडला तर पोरांनी कंदील धरले. त्याची आई बाहेर जमिनीवर बसली होती, चेहऱ्याला चंदनाचा लेप लावून, लग्नाला बसतात तशी. हे सांगताना तो नेहमी एकच वाक्य म्हणायचा: "उस दिन हम ने किसी से लिया नहीं था. हमारा दौर था।"

तर आम्ही तसंच केलं. ज्याची पाळी तो वर्षभर युनिटचा रईस, म्हणजे प्रमुख. ड्यूटी तो लावणार, मुदीरशी तो बोलणार, आणि उन्हाळ्याची मोठी सुट्टी त्याची. क्रम ठरला: मुनीरभाई, मी, शानफी. मुदीरलाही बरं वाटलं, त्याची कटकट गेली. युनिटमध्ये चाकांची एकच धड खुर्ची होती, ती रईसची. दर जानेवारीत जुना रईस त्या खुर्चीला हाताने ढकलून खोलीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या नव्या रईसकडे सोडायचा. नवा रईस बसबूसा, रव्याची मिठाई, वाटायचा. पेशंट टाळ्या वाजवायचे, सुया लावलेला हात सांभाळून, एका हाताने मांडीवर. आमच्यासारख्या माणसांच्या आयुष्यात अशी गोष्ट हास्यास्पद वाटेल, पण त्या वर्षांत आम्ही एकमेकांची एकही चहाडी केली नाही.

मग एका उन्हाळ्यात तो खोलीवर मोबाइल घेऊन नुसता बसलेला दिसला. गॅसवर भात करपत होता. मी गॅस बंद केला. त्याने सांगितलं, देशात सार्वमत झालं. कायदा बदलला. आता खुर्चीवरचा माणूस लागोपाठ दोनदा बसू शकतो. पुढली पाळी अंजुआनची होती. विरोधातले बरेच लोक मतदानाला गेलेच नाहीत, त्यामुळे मोजणीत विरोध दिसलाच नाही. काही महिन्यांनी त्याच्या गावात, जुन्या दगडी गल्ल्यांत, गोळीबार झाला. कित्येक दिवस घरचा फोन लागेना. तो रोज कामावर येत होता, सुया घालत होता. एकदाच म्हणाला, "हमारा दौर खा गए, रफीक. बंदूक से नहीं. वोट से. हाथ उठा-उठा के खाया।" मला हे समजेना. सैन्याने सत्ता घेतली असं आपण ऐकतो, तेव्हा निदान चोर दिसतो. इथे चोर कुठे होता? मला त्या दिवशी खरोखर वाटलं होतं, की असं करणारी माणसं वेगळ्याच मातीची असली पाहिजेत.

करोनात सगळं बंद पडलं, कोणीच कुठे गेलं नाही. पुन्हा सुरू झालं तेव्हा आम्ही क्रम पहिल्यापासून धरला. मुनीरभाईंचं वर्ष झालं. मग माझं. त्या वर्षी मी दोन महिने गावी राहून आलो, घराचं छप्पर काढून स्लॅब घातला, आणि परत आल्यावर उरलेलं वर्ष रईस होतो. खुर्ची फार मऊ होती असं नाही. पण मुदीर मला नावाने हाक मारायचा. सकाळी ड्यूटी लावताना मुनीरभाईंसारखा वयाने मोठा माणूस माझ्याकडे बघून थांबायचा. मी अबोल माणूस. माझ्याकडे बघून कोणी थांबल्याचं मला आठवत नव्हतं.

पुढलं वर्ष शानफीचं. आणि त्याला ते का हवं होतं, हे मला इतर कोणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं, कारण त्या खोलीत रोज त्याचीच उजळणी व्हायची. त्यांच्याकडे घर मुलीचं असतं. बापाने आयुष्यभर राबून मुलीसाठी घर बांधायचं, आणि लग्न झालं की नवरा त्या घरात येतो. शानफीने इतकी वर्षं इथे काढली ती त्या घरासाठी. एक खोली, मग दुसरी, मग वरचा मजला. दार हिरवं. त्याच्या घराण्याची रीत अशी, की नवरा वरातीने आला की मुलीच्या बापाने आतून स्वतःच्या हाताने दार उघडायचं. नवरा फ्रान्समध्ये नोकरीला, त्याला ऑगस्टशिवाय सुट्टी नाही. नातेवाईक सगळे तेव्हाच येतात. ऑगस्ट म्हणजे मोठी सुट्टी हवीच. जाताना तीन विमानं बदलायची आणि शेवटी बेटावर नेणारी बोट. ती समुद्राच्या मर्जीवर. दाराची कडी त्याने इथूनच, बलदच्या, जुन्या शहरातल्या, बाजारातून घेऊन ठेवली होती. पितळेची. कधीकधी ती हातात घेऊन तो कपड्याने पुसायचा.

इकडे माझ्या मुलीचं ठरलं. घरच्यांनी मे महिना धरला. गावात हॉल बघितला, भावाने चार जणांना सांगितलं, आणि मीही फोनवर छाती फुगवून सांगून बसलो की मी दोन महिने येतोय, थाटात करू. मग व्याह्यांचा तो फोन आला. डिसेंबर चालेल म्हणाले. डिसेंबरात मला हक्काचे पंधरा दिवस होते. सगळं बसत होतं. पण गावाला सांगितलेलं परत घ्यायचं, पंधरा दिवसांत उरकून पळायचं, पाहुण्यासारखं. आणि खुर्ची जानेवारीत सोडायची. खरं सांगतो, हा शेवटचा विचार तेव्हा मी स्वतःलाही कबूल केला नव्हता.

जानेवारीत खुर्ची ढकलायच्या दिवशी मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. शानफी पलीकडे उभा होता, नवी टोपी घालून. बसबूशाचा ट्रे त्याने आधीच आणून ठेवला होता. मी म्हटलं, एक विनंती आहे. मुलीचं लग्न मे महिन्यात आहे, व्याही ऐकायला तयार नाहीत, तारीख हलवली तर सोयरीक मोडतील. हे सगळं मी त्याच आवाजात बोललो ज्या आवाजात रोज ड्यूटी सांगायचो. मग म्हटलं, मी एकटा ठरवत नाही, "सबकी राय ले लेते हैं।" आदल्या दिवशी मी मुनीरभाईंना सांगून ठेवलं होतं, की मी रईस राहिलो तर वर्षभर जुम्याची सकाळ तुमची मोकळी. मुनीरभाईंनी शानफीकडे न बघता हात वर केला. म्हणाले, "बेटी का मामला है मियाँ. क्या बोलना।"

मी हात वर केला. दोन झाले.

शानफीने माझ्याकडे बघितलं. त्याचीही बेटीच होती, हे त्या खोलीत तिघांनाही माहीत होतं आणि कोणी बोललं नाही. मशीनचे आवाज येत होते. मग त्याने एवढंच विचारलं:

"इस बार का है, या कायदा?"

मी म्हटलं, "इस बार का. अगला तेरा।"

त्याने मान हलवली. ट्रे उचलला आणि बसबूसा वाटायला सुरुवात केली. एकेका पेशंटपाशी जाऊन. एका शेखांनी विचारलं, नवा रईस कोण? तर म्हणाला, रफीक. शेख म्हणाले, मागच्या वर्षीही रफीकच होता ना? तो म्हणाला, हो. माझ्यापाशी आला तेव्हा त्याने मधला तुकडा, बदाम असलेला, माझ्या हातात ठेवला.

मी वाट बघत होतो. त्या रात्री, त्या आठवड्यात, तो "दौर खा गए" म्हणेल अशी मी वाट बघत होतो. म्हटलं असतं तर मी भांडलो असतो, मोकळा झालो असतो. तो म्हणाला नाही. सकाळी कुनूत म्हणाला, कालवणात कोकम घातलं. खोलीत काहीच बदललं नाही आणि मी मात्र त्या खोलीत पुन्हा पाहुण्यासारखा वावरायला लागलो. गोळी नाही, बंडखोर नाहीत, रेडिओ नाही. तीन माणसं, दोन हात. इतकं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं. ती माणसं वेगळ्या मातीची नव्हती.

लग्न झालं. थाटात झालं. ऑगस्टमध्ये एका दुपारच्या पाळीला शानफीने मला स्टोअरमध्ये बोलावलं. डायलिसिसच्या पाण्याच्या कॅन रचलेल्या असतात, त्यांच्यामध्ये तो मोबाइल धरून उभा होता. म्हणाला, ये, बघ. बेटावरचं नेटवर्क तुटत होतं. बायकांचं गाणं यायचं आणि मध्येच थिजायचं. वरात गल्लीत शिरताना दिसली. मग हिरवं दार. त्याला पितळेची कडी होती. त्याने ती कोणाबरोबर पाठवली होती ते मला ठाऊक नव्हतं. आतून ती हलली आणि दार उघडलं. उघडणारा त्याचा धाकटा भाऊ होता. शानफीने हात वर करून दुआ केली. मग मोबाइल माझ्याकडे वळवून म्हणाला, "देख रफीक. दरवाज़ा अच्छा खुला. आवाज़ नहीं किया।"

बाहेर कोणाच्या तरी मशीनचा अलार्म वाजला. मोबाइल माझ्या हातात देऊन तो पेशंटकडे गेला. मी त्याच्या मुलीचं लग्न एकटा बघत उभा राहिलो. भावाने पडद्यावर मला बघितलं आणि भाई कुठे आहे असं अरबीत विचारलं. मी म्हटलं, कामावर.

पुढच्या जानेवारीत मी खुर्चीमागे उभा राहिलो तेव्हा निदान तेवढं नीट करायचं ठरवलं होतं. पण मुनीरभाई आधीच पलीकडे येऊन उभे होते. म्हणाले, "तरतीब क्या थी मियाँ? मैं, तुम, शानफी, फिर मैं. शानफी का साल तो गुज़र गया. साल गुज़रा तो दौर गुज़रा. अब मेरा है।" मी म्हणू शकलो असतो, की मी वचन दिलं होतं. पण मुनीरभाईंना जुम्याच्या सकाळचा व्यवहार ठाऊक होता. आणखी खोदलं तर काय निघेल याची मला भीती वाटली. शानफी भिंतीला टेकून उभा होता. तो माझ्याकडे बघत होता, रागाने नाही. मोजणीच्या वेळी चिठ्ठी उंच धरून दाखवतात तेव्हा खिडकीतून बघत असतील, तसं. मी खुर्ची ढकलली. ती मुनीरभाईंकडे गेली.

दोन महिन्यांनी शानफीने राजीनामा दिला. कायमचं जायचं, फायनल एक्झिट. कारण सांगितलं, नातू होणार आहे, आईला दिसत नाही. मी विचारलं, माझ्यामुळे जातोस का? हे विचारायचं मी फार दिवस घोकत होतो. तो लवंग चघळत होता. म्हणाला, "घर मोडायची वेळ आली की बसून ठरवायचं असतं. आता ठरवायला तिघं कुठे आहेत?" हे त्याने हिंदीत सांगितलं होतं, पण मला ते नेहमी मराठीतच आठवतं. असं का ते कळत नाही.

ज्या दिवशी तो गेला त्या सकाळी त्याला प्रवासासाठी तमीस हवी होती. मी आधीच खाली उतरून भट्टीपाशी उभा होतो. खरं म्हणजे त्याच्यासाठीच घ्यायला गेलो होतो. नेहमीची झुंबड. मागून त्याचा आवाज आला, "मीन आखिर वाहिद?" सगळ्यांत मागे मीच होतो. मी हात वर केला. तो येऊन माझ्या मागे उभा राहिला, बॅग पायाशी ठेवून. पुढची माणसं आपोआप सरळ उभी राहिली.

माझ्यापुढे एकच जण उरला तेव्हा मी बाजूला झालो. म्हटलं, तू घे, तुझी गाडी उभी आहे, विमान सुटेल.

"नहीं रफीक," तो म्हणाला. "तेरा दौर है. तू ले।"

मी म्हटलं, तुझ्यासाठीच घेतोय.

"मेरी मैं लूँगा. मेरा आएगा।"

खानाने तमीस माझ्याकडे फेकल्यासारखी टाकली. गरम होती, मी ती दोन्ही हातांत खेळवत बाजूला झालो. मग त्याची पाळी आली. त्याने चार घेतल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या, मागच्या माणसाकडे वळून त्याला हाताने पुढे जायची खूण केली, आणि माझ्याजवळ येऊन सलाम करून गाडीत बसला. गाडी शराफियाच्या वळणावर हळू झाली तेव्हा मागच्या काचेतून त्याची टोपी दिसली. तो मांडीवरचं कागदी पुडकं उघडून भाकरीचा तुकडा ड्रायव्हरला देत होता.

युनिटमध्ये आता चारपैकी दोन पेले पालथे असतात. मुनीरभाईंनंतर मोठी सुट्टी कोणाला, हे पुन्हा मुदीर ठरवतो.

शानफीचा नंबर माझ्याकडे आहे. ईदला तो नातवाचा फोटो पाठवतो, मागे हिरवं दार असतं. मी मुबारक लिहितो. त्याचा एक उन्हाळा मी घेतला आहे, तो मला परत करता येणार नाही. पण मुलीच्या लग्नाची तारीख पुढे जाऊ शकत होती, हे सांगण्याचं तरी मी त्याचं देणं लागतो. ते मी अजून सांगितलेलं नाही.